मेहेरबान कोर्ट, मेहेरबान दर्या

‘आता मेहेरबानी करून गप्प बस.’ या वाक्यात मेहेरबानी आहे, वरवर विनंतीही आहे, पण दयाळूपणा औषधालाही नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘मेहेरबानी करून’ ऐकू आलं की पुढे टोमणा येणार, हुकूम येणार, किंवा निदान समोरच्याची सहनशक्ती संपल्याची सूचना येणार, हे कानाला आधीच कळतं. ‘आलात? मोठी मेहेरबानी झाली!’ हे दोन तास उशिरा आलेल्या पाहुण्याला म्हणतात. वेळेवर आलेल्याच्या वाट्याला ते येत नाही. ‘मला कुणाची मेहेरबानी नको’ हे ताठ मानेचं वाक्य आहे, तर ‘पैसे मोजतोय, मेहेरबानी नाही करत तुम्ही’ हे गिऱ्हाइकाच्या हक्काचं.

शब्दकोश उघडला तर मात्र अर्थ सरळ दिलेला असतो: दया, कृपा, ममता. शेजारच्या भाषांनीही हा अर्थ सरळच ठेवला आहे. गुजरातीत ‘महेरबानी करीने’ हे साधं, सभ्य विनंतीचं बोलणं आहे, त्यात काटा नाही. सिंधी माणूस ‘मेहरबानी’ म्हणतो तेव्हा तो चक्क आभार मानत असतो. मग एकट्या मराठीच्या जिभेवर या शब्दाला तिखट का लागलं?

फारसी परकी, म्हणून तिच्या शब्दांची थट्टा झाली, असं एक उत्तर झटपट देता येतं. पण ते टिकत नाही. कारण ‘कृपा’ आणि ‘उपकार’ हे अस्सल संस्कृत कुळातले शब्दही याच वाटेने गेले. ‘कृपा करून माझ्या डोक्याशी कटकट करू नकोस’, ‘केलेस तेवढे उपकार पुरे झाले’ ही वाक्यं रोजची आहेत. उलट ‘माया’ या शब्दाचा असा टोमणा करून दाखवा पाहू. जमत नाही. तेव्हा भेद देशी-परदेशीचा नाही. तो कुठे आहे ते या शब्दांना जोडून येणारी क्रियापदं पाहिली की उमगतं.

दया ‘येते’. ती आपण होऊन मनात उतरते. ज्याला येते त्याचाही तिच्यावर पुरता ताबा नसतो. माया ‘लावतात’, आणि ती दोन्ही बाजूंनी लागते: आजीने नातवाला लावली तशी नातवाने आजीला. गोठ्यातली गायही माया लावते. उपकार ‘करतात’ आणि ‘फेडतात’. त्यात उधारी आहे, पण फेडण्याची सोय असल्यामुळे माणूस कधीतरी मोकळा होऊ शकतो. मेहेरबानी फेडता येत नाही. ती ‘करतात’, ‘दाखवतात’, ‘ठेवतात’ आणि काढूनही घेतात. करणारा वर बसलेला असतो, घेणारा खाली उभा असतो, आणि उद्या ती राहील की नाही हे वरच्याच्या मर्जीवर असतं. ‘मेहेरनजर’ या शब्दात ही उंची स्पष्टच दिसते, कारण नजर वरून खाली येते. ज्या शब्दात पायरी आहे, तो शब्द बरोबरीच्या माणसाला वापरला की आपोआप उपरोध तयार होतो. नवऱ्याने भाजी आणून दिली म्हणून बायको ‘मेहेरबानी झाली’ म्हणते, तेव्हा ती त्याला क्षणभर सिंहासनावर बसवते आणि त्याच वाक्याने खाली ओढते.

या शब्दाला ही पायरी कुठे चिकटली, ते पाहायला रत्नागिरीचा मिरकरवाडा ही चांगली जागा आहे.

रत्नागिरी शहराच्या कडेला, रत्नदुर्गाच्या डोंगराच्या आसऱ्याने मिरकरवाड्याचं बंदर आहे. जिल्ह्यातल्या मासेमारीच्या मोठ्या बंदरांपैकी हे एक. पर्ससीन, ट्रॉलर, छोट्या होड्या, बर्फाच्या गाड्या, जेट्टीवरचा लिलाव असा सगळा कारभार इथे चालतो. वस्तीत मुसलमान मच्छीमारांचं प्रमाण मोठं आहे. इंग्रजी अमदानीतल्या १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरने किनाऱ्यावरच्या या मुसलमान मच्छीमारांची नोंद ‘दालदी’ या नावाने केली, आणि ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा पाहणीच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात त्यांच्या बोलीलाही वेगळी जागा मिळाली. ही बोली कोकणी-मराठीचीच लेक आहे. उर्दू मदरशात आणि मशिदीत, मराठी शाळेत आणि कचेरीत, बोली घरात आणि होडीवर, अशी तीन भाषांची ये-जा इथे एकाच माणसाच्या तोंडी दिवसभर चालू असते.

आता जेट्टीवरचे शब्द ऐका. ‘बंदर’ फारसी. ‘दर्या’ फारसी, आणि त्यातही गंमत अशी की हिंदी-उर्दूत या शब्दाची नदी झाली, मराठीने मात्र तो समुद्रासाठीच ठेवला. प्राचीन फारसीतला अर्थ तोच होता. होडीचा धनी तो ‘नाखवा’, म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा स्वामी. ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’, मूळचा सेनेतला नायक. ‘खलाशी’ अरबी. ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून. ‘तुफान’, ‘हवा’, ‘मोसम’ अरबी. ‘मोसम’नेच पुढे इंग्रजीला ‘मान्सून’ दिला. मासळी ज्याच्यावर टिकते तो ‘बर्फ’ फारसी, मध्ये उभा राहणारा ‘दलाल’ अरबी. ‘लिलाव’ तेवढा पोर्तुगीजांचा.

हे शब्द आले कसे? पाण्यावरून. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं कोकणचं मोठं बंदर. होर्मुझ आणि एडनकडची गलबतं तिथे लागत, घोडे उतरत, कापड चढत. परक्या तांडेलाशी भाव ठरवताना, दोर ओढताना, वादळाची खूण सांगताना शब्दांची देवघेव झाली. दोर ओढताना कोणी कोणाला मायना लिहीत नाही. म्हणून हे शब्द अंगवळणी पडले, त्यांचे उच्चार आपल्या तोंडाला साजेसे झिजले, आणि आज सुकाणू अरबी आहे असं सांगितलं तर सुकाणू धरणाराच हसेल.

‘मेहेरबान’ मात्र त्या गलबतावरून उतरला नाही. तो घाटावरून आला. बीदर, विजापूर, अहमदनगर इथल्या दरबारांतून, फर्मानांतून, खलित्यांतून तो कोकणात पोचला. पत्राच्या डोक्यावर कोणाला काय म्हणून लिहायचं याचे नियम होते, आणि ‘मायना’ हा शब्दही अरबीच. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘राजश्री’, ‘तीर्थस्वरूप’ यांच्या शेजारी ‘मेहेरबान’ बसला. नुसता दयाळू माणूस असा त्याचा अर्थ तिथे उरला नव्हता. ती मानाची पायरी झाली होती. इंग्रजांना हे प्रकरण फारच आवडलेलं दिसतं. सरदार-संस्थानिकांना पाठवायच्या पत्रांत कोणासाठी कोणता किताब, हे त्यांनी ठरवून टाकलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या पटवर्धन घराण्यांतल्या संस्थानिकांच्या नावाआधी ‘मेहेरबान’ लागत असे. हा संस्थानिक प्रजेशी कसा वागतो याच्याशी त्या शब्दाला काही देणंघेणं नव्हतं. सरकारदरबारी त्याला कुठल्या रांगेत बसवायचं, एवढंच तो सांगत असे.

सत्तेच्या मर्जीवर जगणं म्हणजे काय, ते रत्नागिरीने फार जवळून पाहिलं आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. ज्याच्या दरबारात लोक गुडघ्यांवर येत, तो राजा तनख्यासाठी आणि कर्जासाठी सरकारला अर्ज करत राहिला, जवळचे दागिने गावातल्या सावकारांकडे जात राहिले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे कैदेची चोवीस वर्षं उलटल्यावर. तनखा मिळत होता, वाडाही मिळाला. पण दोन्हींपैकी एकावरही हक्क सांगता येत नव्हता.

संस्थानं गेली, पण ‘मेहेरबान’ कागदावर टिकून राहिला, आणि तो जिथे टिकला ती जागा म्हणजे न्यायालय. तालुक्याच्या कोर्टात दाखल होणाऱ्या मराठी दाव्याचा मथळा पाहा: ‘मे. दिवाणी न्यायाधीश यांचे न्यायालयात’. हा ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. आत मजकुरात ‘मेहेरबान कोर्टास नम्र विनंती की’ हे पालुपद असतं. तहसीलदार, भूमी अभिलेख, धर्मादाय आयुक्त यांच्याकडच्या अर्जांतही ‘मे.’ सापडतो, जरी ‘मा.’ने त्याची बरीच जागा घेतली आहे. आता दाव्यात एखादी व्यापारी पेढी पक्षकार असेल तर तिच्या नावाआधीही ‘मे.’ लागतो, पण तो फ्रेंच ‘मेस्यर’वरून इंग्रजीमार्गे आलेला ‘मेसर्स’. एकाच पानावर वर ‘मे. कोर्ट’, खाली ‘मे. अमुक ट्रेडर्स’, आणि तारखेत महिना मे असला की लेखनिकाने तीन भाषांना एका अक्षरात कोंबलेलं असतं.

न्यायाधीशाला मेहेरबान म्हणणं मला नेहमी खटकत आलं आहे. न्याय ही मेहेरबानी असू शकत नाही. कायद्याप्रमाणे जे देणं आहे ते तो देतो. त्याच्या मनात दया दाटून आली म्हणून नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ साली ‘माय लॉर्ड’ सोडून साधी संबोधनं वापरावीत असा ठराव केला, तेव्हा उच्च न्यायालयांच्या इंग्रजीची चर्चा झाली. तालुका कोर्टातल्या या फारसी लॉर्डाकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. हा शब्द जन्मला तेव्हा त्यात वर-खाली काही नव्हतं. ‘मेहेरबान’ची फोड ‘मेहेर’ अधिक ‘बान’. ‘बान’ म्हणजे राखणारा, जसा दाराशी दरबान, बागेत बागबान. आपण ‘दरवान’, ‘बागवान’ म्हणतो. त्याच्या मुळाशी असलेला ‘पा’, म्हणजे राखणं, संस्कृतच्या ‘गोप’ आणि ‘भूप’मध्येही बसला आहे. राहिला ‘मेहेर’, फारसीत ‘मिह्र’. त्याचे अर्थ तीन: प्रेम, मैत्री आणि सूर्य. हे तिन्ही एकत्र कसे आले, ते कळायला एक ध्वनिनियम पुरेसा आहे. प्राचीन इराणी भाषेत जिथे ‘थ्र’ होता तिथे पुढे ‘ह्र’ आला, आणि त्या ‘थ्र’च्या जागी संस्कृतात ‘त्र’ असतो. संस्कृत ‘क्षत्र’चा इराणी भाऊ फारसीत ‘शह्र’ झाला, ते आपलं शहर. ‘चित्र’चा भाऊ ‘चिह्र’ झाला, त्यावरून आपला चेहरा. त्याच नियमाने ‘मित्र’चा इराणी भाऊ ‘मिथ्र’, आणि मिथ्रचा ‘मिह्र’. म्हणजे मेहेरबान हा शब्दशः मित्रभाव राखणारा माणूस. ज्याला आपण खाली वाकून अर्ज लिहितो, त्याच्या नावात मित्र लपून बसला आहे.

आणि मित्र हा सुरुवातीला तरी गप्पा मारणारा सोबती नव्हता. ऋग्वेदात मित्र देव आहे, अवेस्तात मिथ्र देव आहे, आणि दोन्हीकडे त्याचा मूळ विषय करार हा आहे, दोन पक्षांनी एकमेकांना दिलेला शब्द. अवेस्तातला मिहिर यश्त हा भला मोठा स्तोत्रग्रंथ त्याच्यासाठीच रचलेला आहे, आणि त्यात करार सज्जनाशी केलेला असो वा दुर्जनाशी, तो मोडता कामा नये असा आग्रह आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात हित्ती आणि मितान्नी या दोन राज्यांनी तह केला, त्याच्या मातीच्या विटा तुर्कस्तानात बोगाझकोय इथे सापडल्या. तहाला साक्षी म्हणून ज्या देवांची नावं त्यात कोरली आहेत, त्यांत मित्र आणि वरुण आहेत. ऋग्वेदात ही जोडी बहुधा एकत्रच येते. पुढे मित्र सूर्याकडे सरकला, वरुण पाण्याकडे. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर ज्याला नारळ देतात तो वरुण, आणि कोर्टाच्या कागदावरचा ‘मे.’ त्याचा जुना जोडीदार.

सूर्याचा अर्थ घेऊन हा शब्द आपल्याकडे पार पूर्वीच एकदा येऊन गेला आहे. संस्कृतातला ‘मिहिर’ हा इराणी पाहुणाच. कुशाणांच्या नाण्यांवर हा सूर्यदेव दिसतो, आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या नावात तो आहे. आज पुण्या-मुंबईत मुलाचं नाव मिहिर ठेवणाऱ्या आणि मिरकरवाड्यात मुलीचं नाव मेहेरुन्निसा ठेवणाऱ्या घरांनी एकच शब्द निवडलेला असतो. पारशांच्या अग्यारीला ‘दर-ए-मेहेर’ म्हणतात. पुण्यात १८९४ साली एका इराणी घरात जन्मलेले मेरवान पुढे मेहेरबाबा झाले, त्यांच्या नावावरून नगरजवळ अरणगावापाशी मेहेराबाद वसलं. महाराष्ट्राच्या नकाशावर या शब्दाला मिळालेली ती कायमची जागा.

मराठीने या शब्दावर व्याकरणाचा एक प्रयोगही केला. जुन्या लेखनात ‘मेहेरबानी’च्या जोडीला ‘मेहेरबानगी’ वारंवार भेटते. फारसीच्या हिशेबाने हा ‘गी’ तिथे बसत नाही. ज्या शब्दाच्या शेवटी ‘आ’सारखा उच्चार असतो, त्यालाच तो लागतो: रवाना-रवानगी, परवाना-परवानगी, मर्दाना-मर्दानगी. मेहेरबान व्यंजनान्त आहे, त्याला नुसती ‘ई’ पुरते. पण परवानगी, रवानगी, मर्दानगी या रांगेत मराठी माणसाने त्याला उभं केलं आणि ‘गी’ चढवून टाकला. रवानगी आणि परवानगी, दोन्ही कचेरीचे शब्द. बोलीभाषेने उलट केलं, वाढवण्याऐवजी कमी केलं. बोलताना ‘ह’ गळतो आणि ‘मेरबानी’ उरते.

मिरकरवाड्यात ‘मेहेर’ म्हटलं की मात्र आधी आठवतं ते लग्न. निकाहाच्या वेळी वराने वधूला द्यायची रक्कम किंवा वस्तू ठरते, ती मेहेर. हा शब्द अरबी ‘मह्र’. फारसी मिह्रशी त्याचं नातं नाही. पण अरबी-फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे मह्र, मिह्र आणि मुह्र हे तिन्ही शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. तिसरा ‘मुह्र’ म्हणजे शिक्का, आपली मोहोर. सोन्याच्या नाण्यालाही म्हणूनच मोहोर म्हणतात, त्यावर छाप असते. बादशाही कागद वाचणाऱ्या कारकुनाला ती तीन अक्षरं दिसली की इथे प्रेम आहे, शिक्का आहे की बायकोचं देणं आहे, हे मागच्या-पुढच्या शब्दांवरून ताडावं लागे. मराठीने स्वर लिहून मोहोर वेगळी काढली, पण मह्र आणि मिह्र दोघांनाही ‘मेहेर’च करून टाकलं. सासुरवाशिणीच्या ‘माहेर’चा या कुळाशी संबंध जोडायचा मोह होतो, पण ते मातृगृह, आईचं घर, प्राकृतातून आलेलं.

ऐकायला एक झाले तरी हे दोन मेहेर स्वभावाने एकमेकांच्या विरुद्ध आहेत. निकाहाची मेहेर ही दया मुळीच नाही. निकाह हा करार आहे, आणि मेहेर हा त्या करारातला बायकोचा हक्क. ती लगेच द्यायची किंवा पुढे द्यायची असं ठरवता येतं. पहिलीला ‘मुअज्जल’ म्हणतात आणि दुसरीलाही ‘मुअज्जल’च, अरबीत एकात ऐन आहे, दुसऱ्यात हमजा, पण आपल्या उच्चारात आणि देवनागरीत तो फरक पार पुसला जातो. निकाहनाम्यावर सही करताना नुसता शब्द ऐकून भागत नाही, ते यामुळे. ठरलेली मेहेर न देताच नवरा वारला तर ती त्याच्यावरचं कर्ज मानली जाते, आणि वारसांचे हिस्से पडण्याआधी ते फेडावं लागतं. थोडक्यात, जी मेहेर मागायची लाज नाही, उलट जी न देणाऱ्याला लाज वाटावी, ती ही. इराणी मिथ्र ज्या कराराचा देव होता त्याच्याशी शब्दाने काही नातं नसलेली ही अरबी मेहेर स्वभावाने अधिक जवळची निघाली, हा योगायोगच. पण मला तो मोठा गोड वाटतो.

दयेच्या अर्थाचा मेहेरबानही वस्तीत आहे, तो वेगळ्या वाटेने. बिस्मिल्लाचा अर्थ उर्दूत सांगताना ‘मेहरबान’ हा शब्द हमखास येतो, कारण रहमान आणि रहीम या अरबी नावांसाठी फारसी-उर्दूने तो मुक्रर केला आहे. अरबी ‘रहम’च्या धातूतच गर्भाशयाचा अर्थ आहे, ती आईची दया. मदरशातल्या मुलाला मेहरबान पहिल्यांदा भेटतो तो देवाचं विशेषण म्हणून, कलेक्टरचं म्हणून नव्हे. वर-खाली इथेही आहे, पण त्याने कोणाचा अपमान होत नाही.

फारसी शब्दांचं करायचं काय, हा वाद रत्नागिरीतच एकदा तापला होता. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध होते, आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी इथूनच चालवली. तारखेला ‘दिनांक’, मेयरला ‘महापौर’ हे त्यांचे शब्द आज त्यांच्या विरोधकांच्याही लेखणीत आहेत. त्याआधी शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर जुनी पत्रं घेऊन शब्दच मोजले. त्यांच्या हिशेबात १६२८ सालच्या एका पत्रात २३६ शब्दांपैकी २०२ फारसी होते. १६७७ च्या पत्रात १३५ पैकी ५१. आणि १७२८ च्या पत्रात १२७ पैकी अवघे ८. नमुना तीन पत्रांचा, त्यावरून सबंध भाषेचा निवाडा करू नये, पण दिशा कळते. या वादातलं सर्वांत विलक्षण पात्र म्हणजे माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक, १९२५ साली फारसी-मराठी कोश रचणारे, कवितेत फारसी शब्दांची लयलूट करणारे, आणि तेच १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहून शुद्धीच्या बाजूने उभे राहिले.

या साऱ्या खटाटोपातून ‘मेहेरबानी करून’च्या जागी पाट्यांवर आणि फॉर्मांवर आला तो ‘कृपया’. संस्कृतातली ती तृतीया विभक्ती, अर्थ ‘कृपेने’. कृपेतही पायरी आहेच, म्हणून शब्द बदलल्याने काही बरोबरी आली नाही. ‘कृपया रांगेत उभे राहावे’ या पाटीत जी जरब आहे ती मेहेरबानीच्या तोडीस तोड आहे. शिवाय ‘कृपया’ला बोलता येत नाही. तो लिहिण्याचा आणि रेल्वेच्या भोंग्याचा शब्द आहे. भावाला, शेजाऱ्याला, रिक्षावाल्याला ‘कृपया’ म्हणून पाहा; तो आपल्याकडे आपली तब्येत बरी नसल्यासारखा बघेल.

मेहेरबान या शब्दाला उपरोधाचा वास येत नाही अशी मराठीतली एक जागा शिल्लक आहे, ती म्हणजे आभाळ आणि समुद्र. ‘यंदा पाऊस मेहेरबान’, ‘वरुणराजाची मेहेरबानी’ असे मथळे वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात आणि त्यात कोणाला टोमणा दिसत नाही. पावसाशी बरोबरी करायला कोणी जात नाही, त्यामुळे तिथे पायरी खुपत नाही. मिरकरवाड्याचं अख्खं वर्षच या अर्थाच्या मेहेरबानीवर चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. तो सरकारचा नियम आहे आणि माशांच्या विणीच्या हंगामासाठी आहे, मेहेरबानीशी त्याचा संबंध नाही. पण ऑगस्ट उजाडल्यावर वारा पडतो की नाही, बांगडा किनाऱ्याकडे येतो की नाही, हे कुठल्याच कागदावर ठरत नाही. २०१९ साली ऐन हंगामात, ऑक्टोबरच्या शेवटी ‘क्यार’ आणि लगोलग ‘महा’ अशी दोन वादळं अरबी समुद्रात उठली, तेव्हा कोकणभरच्या होड्या बंदरांत बांधून पडल्या. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार यांचा आकडा चालूच राहिला. कोकणातल्या होड्यांवर नेपाळचे खलाशीही मोठ्या संख्येने असतात. समुद्र न पाहता वाढलेली ही माणसं दर्याच्या लहरीवर आपलं घर चालवतात.

आणि माणसांत? बरोबरीच्या माणसाकडे मदत मागताना मराठी माणूस मेहेरबानी म्हणत नाही, कृपया तर नाहीच. तो म्हणतो ‘जरा’. ‘जरा सरकता का?’ ‘जरा हात लाव रे.’ ‘भाऊ, जरा बघा ना.’ वडीलधाऱ्याला क्रियापदाचं अनेकवचन आणि पोराला ‘रे’ लावला की झालं. सगळी अदब त्या प्रत्ययांत आणि या दोन अक्षरांत मावते. परक्यांनी मराठीत ‘प्लीज’ला शब्द नाही अशी तक्रार केली तर त्यांना हा दाखवावा. ‘जरा’ही अरबीच, ‘ज़र्रा’ म्हणजे धुळीचा कण, पण तो सुकाणू आणि खलाशी यांच्यासारखा इतका मुरला आहे की शुद्धीवाल्यांच्याही तोंडून सुटला नाही. त्याची युक्ती मेहेरबानीच्या नेमकी उलट आहे. मेहेरबानी देणाऱ्याला मोठं करते, ‘जरा’ मागणं छोटं करतो. मागतोय ते कणभरच, देणाऱ्याला जड नको आणि घेणाऱ्याला ओशाळं नको. ‘जरा ही पाटी धर रे’ म्हणणाऱ्याची पाटी बांगड्यांनी काठोकाठ भरलेली असते, वर बर्फ असतो, आणि ती धरून जेट्टीच्या टोकापर्यंत न्यायची असते.